न्यू जर्सीच्या मुक्कामात दूरची एएम केंद्रे कशी ऐकावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे राहणार आहेत. रात्री मीडियम वेव्हवर (अमेरिकेत यालाच एएम म्हणतात) दूरची केंद्रे शोधण्याचा त्यांना जुना नाद आहे. तिकडे जाताना कोणता रेडिओ न्यावा, आकाशवाणी लागेल का, आणि ती लागणार नसेल तर अमेरिकेत ऐकण्याजोगे काय आहे, असे त्यांनी विचारले आहे.

आकाशवाणीचा प्रश्न आधी निकालात काढू. एडिसनमध्ये मीडियम वेव्हवर आकाशवाणी व्यवहारात लागणार नाही. अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक आहे, पण अडचण नुसत्या अंतराची नाही. मीडियम वेव्हच्या लहरी फार दूर पोहोचण्यासाठी दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर अंधार असावा लागतो. डिसेंबरात एडिसनला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा भारतात पहाटेचे तीन वाजलेले असतात. तेथून भारतात उजाडेपर्यंत सुमारे चार तास सामाईक अंधाराचे मिळतात खरे, पण त्यांतल्या पहिल्या दोन-अडीच तासांत आपली बहुतेक केंद्रे बंदच असतात. शिवाय न्यू जर्सीहून भारताकडे येणारी सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाटते तशी अटलांटिक आणि अरबस्तानावरून येत नाही. ती आइसलँड, स्कँडिनेव्हिया आणि रशिया यांवरून वळसा घेऊन येते, आणि ध्रुवीय प्रकाशाच्या त्या पट्ट्यात मीडियम वेव्हच्या लहरी फार शोषल्या जातात. आकाशवाणीच हवी असेल तर प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप मोबाइलवर घ्यावे आणि तो विषय तेथेच संपवावा. ज्या देशात आपण राहणार आहात त्या देशाच्या रात्रीसाठी रेडिओ न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे सारे उत्तर त्याच दृष्टीने लिहिले आहे.

रेडिओ निवडताना पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पायऱ्या. १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत ठरल्याप्रमाणे २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेतील मीडियम वेव्ह केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. म्हणूनच पुण्याचे ७९२, मुंबईचे ५५८ आणि १०४४, सांगलीचे १२५१ या साऱ्या संख्यांना नऊने पूर्ण भाग जातो. अमेरिका खंडात मात्र हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे आणि पट्टा ५३० पासून १७०० पर्यंत जातो. अंकी पडदा असलेला आपल्याकडचा रेडिओ नऊच्याच पायऱ्यांनी चालत असेल, तर तिकडे तो ७४० ऐवजी ७३८ वर आणि १०३० ऐवजी १०२६ किंवा १०३५ वर थांबेल. ऐकू येईल ते चिरके आणि तुटके. अमेरिकी केंद्राशी तो अचूक जुळेल ते फक्त ७२०, ८१०, ९००, ९९०, १०८० अशा दर ९० किलोहर्ट्झनंतरच्या जागी. प्रवासासाठी बनवलेल्या बहुतेक अंकी रेडिओंत ९ आणि १० यांची अदलाबदल करण्याची सोय असते, ती कोणत्या बटणावर आहे हे माहितीपुस्तिकेत पाहून निघण्यापूर्वीच करून बघावी. काट्याचा जुना रेडिओ असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण काटा कोणत्याही दोन आकड्यांच्या मध्ये थांबू शकतो.

महागडा रेडिओ घेण्याची गरज नाही. टेकसन कंपनीचे पीएल-३१०ईटी किंवा पीएल-३३० यांसारखे हातात मावणारे रेडिओ या कामाला पुरतात. त्यांत उपयोगी असते ती गाळणीची, म्हणजे शेजारच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या फिल्टरची, रुंदी कमी-जास्त करण्याची सोय. शेजारच्या केंद्राचा आवाज घुसू लागला की रुंदी ६ किलोहर्ट्झवरून ३ किंवा २ वर आणावी. आवाज जाडसर होतो, पण शब्द कळतात. तिकडे गेल्यावर घ्यायचा असेल तर जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा घरोघरी भरणाऱ्या गॅरेज सेलमध्ये जीई कंपनीचा ‘सुपररेडिओ’ मिळतो का ते पाहावे. तो काट्याचा, आकाराने मोठा, सहा जाड सेलांवर चालणारा रेडिओ आहे आणि त्याच्या आतील फेराइटची दांडी, म्हणजे मीडियम वेव्हच्या लहरी पकडणारी आतली अँटेना, लांब असल्यामुळे मीडियम वेव्हवर तो फार चांगला चालतो. येथून कोणताही रेडिओ नेला तरी ॲडॉप्टर मात्र नेऊ नये. तिकडची वीज १२० व्होल्टची आहे हे एक कारण, आणि ॲडॉप्टर स्वतःच खरखर निर्माण करतो हे त्याहून मोठे कारण. सेलांवर ऐकावे.

बाहेरची अँटेना लावण्याच्या भानगडीत मुलाच्या घरी पडू नये. मीडियम वेव्हसाठी रेडिओवरची ओढून लांब होणारी काडी निरुपयोगी असते, कारण सारे काम आतल्या फेराइटच्या दांडीवर होते. ती दांडी अपुरी वाटली तर तारेचे वेटोळे आणि गँग कंडेन्सर (फ्रिक्वेन्सी जुळवण्यासाठी फिरवायचा भाग) असलेली लूप अँटेना रेडिओशेजारी नुसती ठेवायची. तार जोडावी लागत नाही. गँग फिरवून वेटोळे हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवले की क्षीण केंद्र एकदम वर येते. टेकसनची एएन-२०० नावाची अशी तयार लूप बॅगेत सहज बसते, आणि रेडिओदुरुस्तीचा हात असलेल्या माणसाला ती घरी करणेही अवघड नाही.

आता ऐकायचे काय ते पाहू. अमेरिकेत काही मोजक्या केंद्रांना दूरवरच्या श्रोत्यांसाठी विशेष संरक्षण दिलेले आहे. त्यांची ताकद ५० किलोवॉट असते, आणि रात्री त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर इतरांनी त्यांना अडथळा करायचा नाही असा नियम आहे. आपल्याला ५० किलोवॉट हा आकडा लहान वाटेल. आपल्या नागपूरला १९८८ साली राष्ट्रीय वाहिनीसाठी उभारलेला ट्रान्समीटर १००० किलोवॉटचा होता. पण अमेरिकेने ५० ची मर्यादा घातली ती मोठी ताकद वापरून पाहिल्यानंतरच. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या केंद्राने १९३४ ते १९३९ या काळात ७०० किलोहर्ट्झवर ५०० किलोवॉटने प्रक्षेपण केले. पॉवेल क्रॉस्ली हे त्याचे मालक रेडिओसंचही बनवत असत, त्यामुळे जितके दूर ऐकू जाईल तितके त्यांच्या धंद्याला हवेच होते. इतर केंद्रांच्या तक्रारी वाढल्या, परवानगी संपली, आणि त्यानंतर अमेरिकेत ५० किलोवॉटच्या वर कोणालाही नियमितपणे जाता आलेले नाही. तेच केंद्र आजही त्याच ७०० वर आहे आणि आपल्या मुक्कामापासून सुमारे ९०० किलोमीटरांवर आहे.

त्याहूनही जुनी गोष्ट म्हणजे पिट्सबर्गच्या केडीकेएची. २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगत या केंद्राने आपले प्रक्षेपण सुरू केले. ते १०२० वर आहे. त्या काळात दूरचे केंद्र पकडण्याचे वेड अमेरिकेत इतके पसरले होते की कित्येक शहरांतील केंद्रे आठवड्यातून एक रात्र मुद्दाम गप्प बसत, म्हणजे शहरवासीयांना बाहेरगावचे ऐकता यावे. शिकागोत ही मौनाची रात्र सोमवारी असे. आज तसे औदार्य कोणी दाखवणार नाही, आणि एडिसनमधील आपली मुख्य अडचण हीच आहे.

एडिसन न्यूयॉर्कपासून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर आहे. न्यूयॉर्कची सगळी मोठी केंद्रे, म्हणजे ६६०, ७१०, ७७०, ८८०, १०१०, ११३० वगैरे, तेथे इतकी जोरात लागतात की त्यांच्या शेजारच्या जागांवर त्यांचाच आवाज सांडतो. सिनसिनाटीच्या ७०० वर न्यूयॉर्कचे ७१० चढते, डेट्रॉइटच्या ७६० वर ७७०, शिकागोच्या ८९० वर ८८०. नवखा माणूस येथे थकून रेडिओ बंद करतो. यावरचा उपाय फेराइटच्या दांडीतच आहे. दांडीच्या दोन्ही बाजूंनी येणारे केंद्र जोरात लागते आणि दांडीची टोके ज्या दिशेला असतात त्या दिशेचे केंद्र जवळजवळ बुजते. रेडिओ डोक्यावर घेऊन नाचण्यापेक्षा तो टेबलावर ठेवून संथपणे फिरवावा आणि न्यूयॉर्कचे केंद्र कोणत्या कोनात बुजते ते शोधावे. जवळचे केंद्र जमिनीलगत येते, त्याची दिशा पक्की असते, म्हणून ते फार खोल बुजवता येते. दूरचे केंद्र आकाशातून उतरते, त्याची दिशा थोडी डळमळती असते, म्हणून ते तितके पूर्ण बुजत नाही. हा फरक आपल्या फायद्याचा आहे.

एडिसनहून न्यूयॉर्कचे बहुतेक मनोरे ईशान्येला आहेत. म्हणजे रेडिओतील दांडी ईशान्य-नैर्ऋत्य अशी ठेवली की न्यूयॉर्क खाली बसते, आणि वायव्य व पश्चिमेकडचा सारा प्रदेश मोकळा होतो. डेट्रॉइट तर जवळजवळ काटकोनात येते. शिकागोचे ७२०, ७८० आणि ८९० हे तिन्ही आकडे या स्थितीत मिळावेत, सिनसिनाटीचे ७०० थोड्या खटपटीने मिळावे. सर्वांत चांगले उदाहरण केडीकेएचे आहे. त्याच्या १०२० च्या एका बाजूला न्यूयॉर्कचे १०१० आणि दुसऱ्या बाजूला बॉस्टनचे १०३०, दोन्ही ५० किलोवॉटची. पण न्यूयॉर्क आणि बॉस्टन दोन्ही एडिसनच्या ईशान्येलाच आहेत आणि पिट्सबर्ग थेट पश्चिमेला आहे. त्यामुळे दांडीच्या एकाच स्थितीत दोन्ही शेजारी एकदम दबतात आणि मधले पिट्सबर्ग वर येते. ही युक्ती पहिल्याच आठवड्यात करून पाहावी, कारण तिच्यातून हात बसतो.

उलट न्यू ऑर्लिन्सच्या ८७० ची गोष्ट अवघड आहे. न्यूयॉर्कचे ८८० एडिसनच्या ईशान्येला आणि न्यू ऑर्लिन्स बरोबर विरुद्ध दिशेला, नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही एकाच रेषेत. न्यूयॉर्क बुजवले की न्यू ऑर्लिन्सही बुजते. नॅशव्हिलच्या ६५० ची अडचण बरीचशी तशीच आहे. ते डब्ल्यूएसएम केंद्र १९२५ पासून दर शनिवारी रात्री ग्रँड ओल ऑप्री हा लोकसंगीताचा कार्यक्रम देत आले आहे आणि अमेरिकेतील खेड्यापाड्यांच्या संगीताची आवड असलेल्याने तो ऐकण्यासाठी धडपड करावी इतका तो मोलाचा आहे. तथापि एडिसनच्या घरात बसून ६६० च्या शेजारी तो मिळेलच अशी खात्री देता येत नाही. मुलाबरोबर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात किंवा आणखी पश्चिमेला जाण्याचा योग आला, तर न्यूयॉर्कचा जोर ओसरतो आणि ६५० व ८७० दोन्ही सहज लागतात.

ज्यांना अशी कसरत लागत नाही ती केंद्रे आधी घ्यावीत. सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवरच्या टोरंटोचे ७४० रात्री ठणठणीत येते, त्यावर जुनी गाणी असतात, आणि परदेशी केंद्र म्हणून वहीत पहिली नोंद त्याचीच होईल. त्याच शहराचे ८६० फ्रेंच भाषेत आहे. बॉस्टनचे १०३०, क्लीव्हलंडचे ११००, शार्लटचे १११०, रिचमंडचे ११४०, रॉचेस्टरचे ११८० ही केंद्रे पहिल्या दोन-तीन रात्रींत मिळायला हरकत नाही. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० या सहा जागांवर मात्र वेळ घालवू नये. तेथे देशभरातील शेकडो लहान केंद्रे एकमेकांवर बोलत असतात, आणि बाजारातल्या गलक्यासारखा नुसता कोलाहल ऐकू येतो. अनुभवी लोक त्या जागांना स्मशान म्हणतात. तेथून एखादे केंद्र वेगळे काढणे हा स्वतंत्र छंद आहे.

जवळचे ते स्पष्ट आणि दूरचे ते अस्पष्ट, हा हिशेब रात्री चालत नाही. दीडशे-दोनशे किलोमीटरांवरचे केंद्र रात्री जमिनीलगतही येते आणि आकाशातूनही येते. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की आवाज वाकडातिकडा होतो आणि शब्द विरघळल्यासारखे वाटतात. कनेक्टिकटमधील हार्टफर्डचे १०८० असे वाजू लागले तर रेडिओत बिघाड आहे असे समजू नये. हजार किलोमीटरांवरच्या शिकागोचा आवाज फक्त आकाशमार्गे येत असल्याने त्याच वेळी अधिक स्वच्छ असू शकतो.

वेळेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक लोक जेवणखाण आटोपून रात्री दहाला बसतात आणि सर्वांत मौल्यवान तास गमावतात. दिवसा आयनांबराचा, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वरच्या विद्युतभारित वातावरणाचा, सर्वांत खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्ताबरोबर तो थर विरळ होत जातो आणि वरच्या थरांवरून लहरी परतू लागतात. तिकडच्या नियमानुसार अनेक लहान केंद्रांनी सूर्यास्ताला ताकद कमी करायची असते किंवा प्रक्षेपण बंद करायचे असते. परंतु सूर्यास्त सगळीकडे एकाच वेळी होत नाही. एडिसनला अंधार पडला तरी पश्चिमेकडच्या ओहायो-इंडियानात अजून ऊन असते आणि तेथील लहान केंद्रे दिवसाच्या पूर्ण ताकदीवर चालू असतात. त्यामुळे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून पुढचा तासभर डायलवर अशी केंद्रे डोकावतात जी रात्री दहाला मिळणे शक्य नाही. पूर्वेकडची केंद्रे आधी वर येतात आणि मग हळूहळू पश्चिमेकडची. पहाटे सूर्योदयापूर्वीचा तासही असाच असतो, फक्त तेव्हा पश्चिमेकडचीच केंद्रे शेवटपर्यंत टिकून राहतात. ज्येष्ठांना पहाटे जाग येतेच, तिचा येथे उपयोग होतो.

आपण निवडलेले महिने उत्तम आहेत. मे ते ऑगस्ट या काळात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना लहान रात्री आणि वादळी विजांची कडकड यांचा त्रास होतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर दोन्ही कमी होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सायंकाळी साडेसातच्या आसपास असतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली की तो एकदम पाचच्या आत येतो. घड्याळाच्या या उड्यांमुळे वहीत नोंद यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेने करावी. तिकडच्या वेळेत आधी चार आणि नोव्हेंबरच्या त्या रविवारपासून पाच तास मिळवले की यूटीसी मिळते.

घरातली खरखर हा तिकडचा मोठा शत्रू आहे. एडिसनच्या परिसरातील पुष्कळ घरे लाकडी सांगाड्याची असतात. सिमेंट-लोखंडाच्या आपल्या फ्लॅटपेक्षा त्यांच्या भिंतींतून मीडियम वेव्हच्या लहरी चांगल्या आत येतात. पण त्याच घरात मंद करता येणारे एलईडी दिवे, टीव्ही, राउटर आणि मोबाइलचे चार्जर, गच्चीवरचे सोलर असे सगळे असते. रेडिओ केंद्र नसलेल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर लावून घरभर फिरावे आणि खरखर कोठे कमी होते ते पाहावे. बहुधा मागच्या अंगणातला लाकडी डेक ही जागा ठरते. रात्री सार्वजनिक बागेत जाऊन बसण्याचा विचार करू नये. तिकडच्या बऱ्याच बागा अंधार पडताच बंद होतात आणि नंतर आत सापडलेल्या माणसाला पोलिसांना उत्तर द्यावे लागते. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत इंजिन बंद करून बसणे हा त्याहून चांगला मार्ग आहे, कारण गाडीतील एएम रेडिओ बहुधा फार संवेदनशील असतो. गाडी विजेची असेल तर आधी एएम आहे का ते पाहावे. काही कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून ते काढून टाकले आहे. फोर्डने तर बहुतेक नव्या गाड्यांतून काढण्याचे ठरवले होते, मात्र २०२३ च्या मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला. गाडीत एकच उणीव राहते, ती म्हणजे रेडिओ फिरवून न्यूयॉर्क बुजवता येत नाही.

केंद्र लागले तरी ते कोणते हे ठरवणे हेच खरे काम आहे, आणि आकाशवाणीच्या श्रोत्याला येथे सवय बदलावी लागते. आपल्याकडे निवेदक सभेच्या आरंभी केंद्राचे नाव आणि फ्रिक्वेन्सी शांतपणे सांगतो. तिकडे केंद्राची सक्तीची ओळख तासाच्या ठोक्याला येते, आणि तीत केंद्राची अक्षरे व लगेच त्याच्या परवान्यातील गावाचे नाव असते. ती एका दमात, जाहिरातींच्या गर्दीत, संगीताच्या तुकड्यावर उरकली जाते. म्हणून प्रत्येक तासाच्या दोन मिनिटे आधीपासून ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि मागाहून पुन्हा पुन्हा ऐकावे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची अक्षरे डब्ल्यूने आणि पश्चिमेकडील केंद्रांची केने सुरू होतात. जुनी काही केंद्रे याला अपवाद आहेत, पिट्सबर्गचे केडीकेए त्यांतलेच.

कार्यक्रमावरून केंद्र ओळखण्याचा मोह टाळावा. रात्री अनेक मोठ्या केंद्रांवर तोच तो जोडकार्यक्रम, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक केंद्रांना पुरवलेला कार्यक्रम, चालतो, एकाच गृहस्थाचा आवाज ७०० वरही असतो आणि ११०० वरही. ओळख पटते ती स्थानिक गोष्टींवरून. रस्त्यांचे क्रमांक, पुलांची नावे, हवामानात घेतलेली जिल्ह्यांची नावे, गाड्या विकणाऱ्या दुकानाचा पत्ता. फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा सामना चालू असेल तर निवेदक कोणत्या संघाला ‘आपण’ म्हणतो ते ऐकावे. शहर कळायला तेवढे पुरते.

भाषा न कळताही ओळखू येणारे एक केंद्र आहे, क्यूबाचे रेडिओ रेलोह. १९४७ पासून चाललेल्या या केंद्रावर रात्रंदिवस स्पॅनिशमध्ये बातम्या वाचतात. मागे सेकंदाची टिकटिक चालू असते आणि दर मिनिटाला मोर्समध्ये (तारायंत्राच्या कट्ट-कड संकेतांत) दोनदा आर वाजतो. दक्षिणेकडच्या वाटा मोकळ्या असलेल्या रात्री ते न्यू जर्सीतही ऐकू येते. सूर्यावरील वादळांमुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळते त्या रात्री उत्तरेकडची केंद्रे, टोरंटोसारखी भरवशाचीही, क्षीण होतात आणि त्यांच्या जागी दक्षिणेकडची वर येतात. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाश दिसला होता, तेव्हाचे वादळ असे मोठे होते. वर्तमानपत्रात अशी बातमी दिसली की त्या रात्री डायल दक्षिणेच्या अपेक्षेने फिरवावा.

समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा योग आला तर सायंकाळी रेडिओ बरोबर असावा. खारे पाणी या लहरींना फार मानवते आणि घरांची खरखरही मागे राहते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शरद ऋतूत अंधार पडताना एखाद्या अमेरिकी केंद्राबरोबर बारीक शिट्टी ऐकू आली तर ती बिघाडाची समजू नये. अटलांटिकपलीकडची केंद्रे नऊच्या पटीत असल्यामुळे त्यांची फ्रिक्वेन्सी अमेरिकी केंद्रापेक्षा एखाद्या किलोहर्ट्झने वेगळी पडते, आणि त्या फरकाचीच ती शिट्टी असते. १५२० आणि १५२१ हे असे जोड. रेडिओत एसएसबीची (लहरीची एकच बाजू ऐकण्याची) सोय असेल तर एक बाजू तोडून पलीकडचा आवाज काढता येतो, पण पहिल्या मुक्कामात त्यामागे लागण्याची घाई नको.

अहवाल पाठवून पोचपत्र मिळवण्याची आवड असेल तर एक बदल लक्षात ठेवावा. आकाशवाणीला पाठवताना एसआयएनपीओचे, म्हणजे ताकद, अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा यांना गुण देणारे, पाच आकडे पुरतात. अमेरिकेतील व्यापारी केंद्रांत ते आकडे फारसे कोणाला ठाऊक नसतात. मुख्य अभियंत्याच्या नावे साध्या इंग्रजीत पत्र किंवा ईमेल लिहावे, तारीख आणि वेळ त्यांच्या स्थानिक घड्याळाने द्यावी, ऐकलेल्या तीन-चार जाहिराती किंवा बातम्या नेमक्या सांगाव्यात, मिनिटभराचे ध्वनिमुद्रण जोडावे आणि दुजोरा देण्याची विनंती करावी. आपण सांगलीहून आलेले श्रोते आहात हे लिहायला विसरू नये. एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या अभियंत्याला अशा पत्राचे अप्रूप वाटते.

प्रवासाचे दोन नियम आहेत. लिथियमची सुटी बॅटरी हातातल्या पिशवीतच ठेवावी, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे. आणि विमानात खिडकीशी बसून रेडिओ लावून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. रेडिओसंच स्वतःही क्षीण लहरी बाहेर टाकतो, आणि म्हणून विमानात तो चालू करण्यास मनाई असते.

केंद्रांची यादी ताजी घ्यावी. न्यूयॉर्कच्या ८८० वरचे जुने बातम्यांचे केंद्र ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडले आणि त्याच जागी आता वेगळ्या अक्षरांचे क्रीडाकेंद्र आहे. जुन्या यादीवर विसंबणारा माणूस अशा ठिकाणी चकतो. १९३३ पासून चालू असलेला नॅशनल रेडिओ क्लब अमेरिकी एएम केंद्रांची यादी नियमितपणे सुधारून काढतो, ती या कामाला उत्तम आहे.

निघण्यापूर्वी घरबसल्या सरावही करता येतो. जगभरातील हौशी लोकांनी आपापले किवीएसडीआर जातीचे, संगणकावरून दूरून चालवता येणारे रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवलेले असतात, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असे कित्येक आहेत. ऑगस्टमध्ये सांगलीत पहाटे साडेपाच वाजता न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. त्या वेळी असा एखादा रिसीव्हर उघडून ७४०, १०२० आणि १०३० यांवर बसावे, आणि तिकडच्या तासाचा ठोका आपल्या घड्याळात साडेपाच, साडेसहा, साडेसात असा अर्ध्यावर येतो हे ध्यानात ठेवून त्या सुमारास कान द्यावा.